आधी लोखंड, मग लाकूड

विमानतळावरच्या एक्स-रेच्या पडद्यावर लाकूड नारिंगी दिसतं आणि लोखंड निळं. हे मला कळलं ते पडद्याजवळ बोलावून घेतलं तेव्हा. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत शेवेचा पुडा आणि शाल, आणि त्या दोघांच्या मधून गेलेली एक निळी, सरळ, जाड रेघ. रेघेच्या टोकाला नारिंगी मूठ. जवानानं त्या रेघेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "मैडम, ये क्या है?"

मी बघताक्षणी ओळखलं. आप्पांचं, माझ्या वडिलांचं, अर्धा इंची किंकरं.

सुताराच्या घराबाहेर किंकरं फारसं कुणाला ठाऊक नसतं, म्हणून सांगते. पटाशी बहुतेकांनी पाहिलेली असते: रुंद, पातळ पात्याची, कडा आणि कोपरे साफ करायची. किंकरं अरुंद आणि जाड असतं. दाराच्या चौकटीत खाच पाडायची आणि त्या खाचेत दुसऱ्या लाकडाचा कुसू ठोकून बसवायचा, तर मोगरीचे घाव सोसून आत घुसणारं आणि आतलं लाकूड उचकटून वर काढणारं अवजार लागतं. ते हे. आमचं किंकरं गावच्या लोहारानं ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्यातून घडवलेलं होतं, माझ्या जन्माच्या आधी. मूठ बाभळीची. ती आप्पांनी दोनदा बदलली. धार लावून लावून पातं मुळातल्यापेक्षा दोन बोटं आखूड झालेलं. तरी मुठीसकट साडेनऊ इंच भरायचं.

जुनं लाकूडकाम दुरुस्त करणं हा माझा पुण्यातला व्यवसाय. झोपाळे, देव्हारे, वाड्यांची दारं. त्या वेळी मी माळव्यातल्या एका मराठी घरी चार दिवस गेले होते. त्यांच्या पणजोबांच्या काळचा देव्हारा खिळखिळा झाला होता. काम आटोपलं, अवजारांची पेटी बांधून झाली, आणि निघायच्या तासभर आधी घरच्या आजी म्हणाल्या, माजघराच्या दाराची कडी बसत नाही तेवढी बघून जातेस का. पेटी सोडायचा कंटाळा केला. वरच राहिलेलं किंकरं घेतलं, कडीची खाच थोडी खोल केली, त्यांनी हातात शेवेचा पुडा दिला, आणि पुड्याबरोबर किंकरंही खांद्यावरच्या पिशवीत गेलं. पेटी विमानतळावर रीतसर चेक-इन झाली. पिशवी माझ्याबरोबर आत आली.

जवानाचा आवाज अजिबात चढा नव्हता. त्यानं पर्याय सांगितले. बाहेर जाऊन सामानात द्या, किंवा सोडायला कुणी आलं असेल तर त्याच्याकडे द्या, नाहीतर इथे जमा करावं लागेल. विमान सुटायला चाळीस मिनिटं होती, काउंटर बंद झालं होतं, मला सोडून रिक्षा कधीच परतली होती. "छोड़ दीजिए," मी म्हटलं. मराठीत मला ते वाक्य म्हणता आलं नसतं.

शेजारी एक पारदर्शक पेटी होती. तिच्यात लायटर, कात्र्या, कुणाचा तरी स्क्रू ड्रायव्हर. किंकरं त्या ढिगात उघडं पडणार म्हणून मी मान वळवली. मग पुन्हा पाहिलं. जवानानं किंकरं ज्या मांजरपाटाच्या फडक्यातून काढलं होतं ते फडकं ट्रेमधून उचललं, पातं त्यात गुंडाळलं, माझीच सुतळी वर दोन वेढे देऊन बांधली, गाठ मारली, आणि मग ते पेटीत ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. मागे रांग खोळंबली होती, तरी त्यानं गाठ मारायला वेळ घेतला.

आमच्याकडे अवजार उघडं देत नाहीत. ही आप्पांची पहिली शिकवण. रंधा धरायला शिकवायच्या आधीची. द्यायचं तर मूठ समोरच्याकडे, पातं आपल्याकडे. दुसऱ्या घरी पाठवायचं तर गुंडाळून. त्या जवानाला हे कुणी शिकवलं होतं ते मला माहीत नाही.

पुण्यात उतरल्यावर आप्पांना फोन केला. मी बरीच लांबण लावून सांगितलं. ते सगळं ऐकून घेईपर्यंत गप्प होते, आणि नंतरही बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "पात्याला तेल लावलं हुतंस का?"

लावलं होतं. त्याच सकाळी. तेवढं मी सांगू शकले.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला पाटावर एक जागा रिकामी राहिली. तासगावकडच्या आमच्या घरात त्या दिवशी सगळी अवजारं धुऊन, पुसून, तेल लावून पाटावर मांडतात: करवत, वाकस, रंधे, पटाश्या मोठीपासून लहानीपर्यंत, गुण्या, लाकडावर रेघ आखायची खतावणी, ओळंबा. हळदकुंकू, झेंडूची फुलं. त्या दिवशी कुठल्याही अवजाराला कामाला लावायचं नाही, त्यांचा विसाव्याचा दिवस. आप्पांनी पटाश्या सरकवून जागा भरून काढली नाही. अर्ध्या इंचाच्या जागी एक झेंडूचं फूल ठेवलं आणि पुढे मांडत गेले.

त्याच दिवशी गावातल्या पाटलांच्या वाड्यात तलवार पुजतात. एकाच तिथीला, एकाच मंत्रानं शस्त्रंही पुजली जातात आणि अवजारंही. लहानपणी मला याचं नवल वाटायचं नाही. लोहाराच्या भात्यापुढे दोन्ही एकाच निखाऱ्यातून निघतात हे आम्ही रोज बघत होतो. नवल वाटायला लागलं ते त्या निळ्या रेघेनंतर. मला त्या रेघेत चाळीस वर्षांची दारं-खिडक्या दिसत होत्या. जवानाला तिच्यात काय दिसायला हवं याचं उत्तर त्याच्या नोकरीनं आधीच दिलेलं होतं. आणि माझं त्याच्याशी भांडण नाही, कारण त्याचं उत्तर कुठून आलंय हे मी नंतर नीट समजून घेतलं.

१९७६ च्या सप्टेंबरात दिल्लीहून मुंबईकडे निघालेलं विमान पळवून लाहोरला नेलं गेलं. त्यानंतर समिती बसली, आणि १९७८ साली आपल्याकडे नागरी विमान सुरक्षेचा वेगळा विभाग उभा राहिला. तोच १९८७ पासून स्वतंत्र ब्युरो म्हणून काम करतो. केबिनमध्ये काय न्यायचं, काय नाही, ही यादी त्यांची. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला येणारं आयसी ८१४ कंदाहारला नेलं गेलं. अपहरणकर्त्यांपाशी पिस्तुलं आणि हातबॉम्ब होते, पण लग्न होऊन काही दिवसच झालेल्या तरुण प्रवाशाचा त्या विमानात जीव गेला तो चाकूनं. त्यानंतर दोनच महिन्यांत, फेब्रुवारी २००० मध्ये, जयपूरच्या विमानतळावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान उभे राहिले, आणि मग एकेक करत इतर विमानतळांवर.

अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ पर्यंत चार इंचांहून लहान पात्याचा चाकू खिशात घालून विमानात बसता येत होतं. त्या सकाळी अपहरणकर्त्यांनी वापरलेल्या हत्यारांत खोकी कापायचं कटर होतं. ही गोष्ट मला अजून सहन होत नाही. गोदामात काम करणाऱ्या हजारो माणसांच्या कमरेला असतं तसलं कटर. पुठ्ठा, सुतळी, चिकटपट्टी कापण्यासाठी जन्माला आलेलं. पुढे २००५ च्या डिसेंबरात अमेरिकेनं सात इंचांपर्यंतचे पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर केबिनमध्ये परत येऊ दिले. हातोडी, करवत, ड्रिल नाहीच. युरोपात मोजणी वेगळी: पातं किंवा दांडा सहा सेंटिमीटरच्या पुढे गेला की अवजार खाली सामानात. आपल्याकडे तर हातोडीपासून स्क्रू ड्रायव्हरपर्यंत सगळं सामानातच द्यावं, हात लावून बघायची पाळी येऊ देऊ नये. नियमाला कुठेतरी रेघ मारावी लागते, आणि पट्टीनं मारणं सोपं. सुतार लांबी बघत नाही, धार बघतो. पण धार मोजायचं यंत्र दारात बसवता येत नाही, हेही खरं. आप्पांचं किंकरं कुठल्याच देशाच्या पट्टीत बसलं नसतं.

त्या प्रसंगानंतर माझी बांधाबांध बदलली. अवजारांसाठी कॅनव्हासची गुंडाळी शिवून घेतली, प्रत्येक पात्याला वेगळा कप्पा. प्रत्येक धारेवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवते. धार वाचते हे आहेच, पण मुख्य कारण दुसरं. चेक-इन झालेली बॅगही पुढे यंत्रातून जाते, आणि आत काही दाट, काळपट दिसलं की ती उघडली जाऊ शकते. आपल्याकडे बहुधा आपल्याला बोलावून उघडतात. अमेरिकेत आपल्या गैरहजेरीत उघडतात आणि तशी छापील चिठ्ठी आत ठेवतात. उघडणाऱ्या माणसाला आत काय आहे माहीत नसतं. तो कपड्यांखाली हात घालतो. त्या हाताला माझी पटाशी लागता कामा नये. म्हणून ट्यूब, म्हणून गुंडाळी, आणि म्हणून सगळ्यात वर अवजारांची यादी, मोठ्या अक्षरांत.

बॅटरीवरच्या ड्रिलचं मात्र उलटं असतं, आणि हे अनेक कारागिरांना दारात कळतं. ड्रिल खाली सामानात, पण सुट्या लिथियम बॅटऱ्या वर, आपल्याबरोबर. सामानाच्या कप्प्यात बॅटरीनं पेट घेतला तर कुणाचा हात पोचत नाही. केबिनमध्ये निदान दिसतं, विझवता येतं. मर्यादा १०० वॉट-तासांची. व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणायचं: माझी १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांची बॅटरी ९० वर येते, म्हणजे चालते. १०० ते १६० च्या मधली असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते आणि दोनच नेता येतात. टोकांना चिकटपट्टी लावायची, म्हणजे पिशवीतल्या चाव्यांशी जुळून ठिणगी पडणार नाही. पॉलिशचं स्पिरिट, थिनर, लॅकर हे कुठेच नाही, ना वर ना खाली. ते जिथे जाऊ तिथे विकत घ्यायचं.

हे सगळं मी स्वतःपुरतं बसवलं होतं. मग आप्पांना मेलबर्नला जायचं ठरलं.

धाकटा भाऊ तिथे आठ वर्षं आहे. त्यानं घर घेतलं, आणि आप्पा म्हणाले, देव्हारा मी करून देणार. भावानं फोनवर सांगून पाहिलं की इथे सगळी अवजारं मिळतात, हवं तर आधीच आणून ठेवतो. आप्पांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि माळ्यावरून ट्रंक काढली. तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते. विमानात कधी बसलेले नव्हते. आजोबांच्या काळात बलुत्याचं काम होतं. सुगीच्या आधी नांगर, पाभर, बैलगाडीची चाकं दुरुस्त करत गावोगाव फिरायचं आणि खळ्यावर धान्य घ्यायचं. अवजारांची पिशवी तेव्हाही खांद्यावर असायची. "दुसऱ्याच्या अवजारानं केलेलं काम आपल्या हाताचं नसतंय," असं आजोबा म्हणायचे, ते आप्पांनी मला ट्रंक उघडताना पुन्हा ऐकवलं.

त्यांनी यादी केली. शाळेच्या वहीच्या पानावर, शिसपेन्सिलीनं, तीच चपटी सुतारी पेन्सिल.

जॅक रंधा – १
लहान रंधा – १
पटाशी, एक इंची, पाऊण इंची, पाव इंची – ३
करवती – १
गुण्या – १
खतावणी – १
मोगरी – १

सातव्या ओळीखाली एक ओळ लिहून खोडलेली होती. खोडूनही वाचता येत होती. मी काही बोलले नाही.

ओळंब्यावरून आमची वादावादी झाली. भरीव पितळेचा, पाऊण किलोचा, शंकूच्या आकाराचा गोळा. यंत्रात तो कसा दिसेल याची कल्पनाच करवेना. "देव्हारा भिंतीला लावायचा, मग भिंत सरळ हाय का न्हाई कशानं बघू?" मी शेवटी हात जोडले, आणि त्यांनी ओळंबा परत ट्रंकेत ठेवला. आईनं बॅगेत गुपचूप सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घातल्या होत्या, त्या मी काढल्या. सुकं खोबरं विमानाच्या मालाच्या नियमांत आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या वस्तूंत मोडतं, तेलामुळे. आई कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. पटाश्या चालतात आणि खोबरं चालत नाही, हे तिला पटवायला मला पूर्ण संध्याकाळ लागली.

लोखंडाची तयारी मला येत होती. लाकडाची येत नव्हती, ती भावानं सांगितली. ऑस्ट्रेलियात उतरताना भरायच्या कार्डावर लाकडी वस्तूंबद्दल विचारलेलं असतं, माती लागलेल्या वस्तूंबद्दलही. वाळवी, भुंगे, बिया, बुरशी, काहीही बाहेरून आत यायला नको म्हणून ते लोक फार जपतात. खोटं लिहिलं तर जबर दंड. रंधा शिसवीचा, पाचरीचा, आप्पांनी स्वतः घडवलेला. खतावणी लाकडी. मोगरी बाभळीची आणि घाव खाऊन चिरलेली. आम्ही दोघांनी ओसरीवर बसून दोन दिवस प्रत्येक वस्तू साफ केली. जुन्या टूथब्रशनं रंध्याच्या तोंडातला भुसा काढला. मोगरीच्या चिरेत खोल बसलेला भुसा सुईनं काढला. आप्पा मोगरी उन्हात धरून चिरेत डोकावायचे आणि म्हणायचे, "अजून हाय." मुठीजवळ एक बारीक भोक होतं, जुना भुंगा असावा, कधीच गेलेला. आप्पांनी मोगरी बाजूला ठेवली. "ही न्यायची न्हाई. त्यांच्या झाडांना काय झालं तर?" यादीतली सातवी ओळही खोडली गेली.

पाती खोबरेलाचा हात फिरवून पुसून घेतली. बेलतेल, म्हणजे जवसाचं उकळवलेलं तेल, घरात भरपूर होतं, पण ते नको म्हटलं. बेलतेलाची चिंधी नुसती चुरगळून ठेवली तरी आतल्या आत तापते आणि पेटू शकते, हे आप्पांनी तरुणपणी एका कारखान्यात स्वतः पाहिलेलं. मग ट्यूबचे तुकडे, कॅनव्हासची गुंडाळी, मराठी यादीवर माझी इंग्रजी यादी.

मुंबईच्या विमानतळावर बॅग पट्ट्यावरून आत गेली तेव्हा आप्पा काउंटरपाशीच थांबले. बोलावतील म्हणून. मी म्हटलं चला, बोलावलं तर पुकारतील. ते म्हणाले, पाच मिनिटं. आम्ही पंधरा मिनिटं उभे राहिलो. कुणी बोलावलं नाही. आप्पांचे हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. कधी पाठीमागे, कधी सदऱ्याच्या खिशात. मी त्यांना कामाशिवाय पाहिलं होतं, आजारपणातही पाहिलं होतं. पण अवजारं दुसऱ्याच्या ताब्यात देऊन उभे असलेले आप्पा मी पहिल्यांदा पाहत होते. केबिनमधल्या पिशवीची तपासणी झाली तेव्हा त्यात औषधं, मफलर आणि पोथी एवढंच होतं. जवानानं पोथीची पिशवी यंत्रातून आली तशी दोन्ही हातांनी उचलून दिली.

सिंगापूरला विमान बदललं. आप्पांनी मला चार वेळा विचारलं, आपली बॅग कोण बदलतंय.

मेलबर्नला पट्ट्यावर बॅग आली. आप्पांनी ती उचलून आधी आडवी केली आणि वरूनच, कापडावरून, दाबून पाहिली. बोटं गुंडाळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. ओठ हलत होते. मोजून झाल्यावर मान हलवली.

कार्डावर 'होय' लिहिलेल्यांची रांग वेगळी होती. टेबलापलीकडे एक बाई होत्या, पन्नाशीच्या असाव्यात. मी यादी पुढे केली. त्यांनी ती नीट वाचली आणि गुंडाळी उघडायला सांगितली. पाती, करवती, गुण्या याकडे त्यांनी पाहिलंही नाही. निघताना सगळ्यांचं लक्ष लोखंडावर होतं. इथे लोखंडाला कुणी विचारत नव्हतं, इथे लाकूड बघायचं होतं. त्यांनी रंधा उचलला, उजेडात धरला, तोंडातून पाहिलं, तळ पाहिला, पाचर काढता येते का विचारलं. आप्पांनी रंध्याच्या मागच्या बाजूला हाताच्या तळव्यानं दोन ठोके दिले. पाचर सैल झाली, पातं बाहेर आलं. त्यांनी आत बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही.

मग त्यांनी रंधा टेबलावर ठेवला, तळ खाली करून, जसा कुणीही ठेवील. आप्पांनी काही न बोलता हात पुढे केला आणि रंधा कुशीवर वळवून ठेवला. पातं तळातून डोकावत असतं. रंधा तळावर ठेवला तर धार टेबलाला घासते. म्हणून रंधा कायम कुशीवर निजवतात. त्या बाईंनी आप्पांच्या हाताकडे पाहिलं, मग रंध्याकडे. खतावणी बघून झाली. यादीवर त्यांनी काहीतरी खूण केली. दुसरा, लहान रंधा तपासून झाल्यावर त्यांनी तो कुशीवर ठेवला.

आप्पा इंग्रजीत बोलत नाहीत. त्यांनी मान लववली, आणि त्या बाईंनीही.

घरी पोचल्यावर मला वाटलं आता लगेच काम सुरू होईल. आप्पांनी गुंडाळी उलगडली, पाती पुसली, मनगटावरच्या केसांवर धार बघितली, आणि रंध्याची पाचर बोटानं हलवून पाहिली. ती सैल लागत होती. "लाकूड आकसलंय. हितली हवा कोरडी हाय. दोन दिवस राहू दे तसंच." रंधा दोन दिवस बैठकीच्या खोलीत कपाटावर निजून राहिला. नात येता-जाता त्याला हात लावून जायची. आप्पा म्हणायचे, त्याला लांबचा प्रवास झालाय.

भावानं देव्हाऱ्यासाठी टास्मानियन ओक आणून ठेवला होता, ओकचं म्हणून अभिमानानं. आप्पांनी फळी नाकाला लावली, अंगठ्याच्या नखानं रेघ मारली, आणि थेट म्हणाले, "निलगिरी हाय ही." भाऊ हसला. रात्री त्यानं शोधून पाहिलं तर खरंच. ओक हे नुसतं बाजारातलं नाव, झाड निलगिरीच्या कुळातलं. आमच्याकडे निलगिरीला सुतार फार मान देत नाहीत, वाकते म्हणून. आप्पांनी फळीची उभी शिरा दोन्ही बाजूंनी पाहिली. "नीट वाळवलीय पण. हे लोक वाळवायला वेळ देतात."

भिंत सरळ आहे का हे बघायला त्यांनी भावाच्या घराच्या चाव्यांचा जुडगा दोऱ्याला बांधून लटकवला. भिंत सरळ होती. मोगरीचं काम एका लाकडी ठोकळ्यानं भागलं. पण चौकटीच्या खाचा पाडायची वेळ आली तेव्हा ते थांबले. पाव इंची पटाशीनं खाच पडते, पण पटाशीचं पातं पातळ. तिला उचकटायला लावायचं म्हणजे तिच्यावर अन्याय. आप्पा दुपारभर पटाशी हातात घेऊन बसले आणि मग भावाला म्हणाले, चल, दुकान दाखव.

त्यांनी अर्धा इंची किंकरं निवडायला तास लावला. सगळी सारखीच होती, कारखान्यातून आलेली, तरी एकेक उचलून, तोलून, डोळ्यासमोर धरून पाहिलं. घरी आणल्यावर मागच्या अंगणात बादलीत दगड भिजवून त्याची पाठ घासत बसले, अंधार पडेपर्यंत. कारखान्याची धार त्यांना धार वाटत नाही. दुसऱ्या दिवशी खाचा पडल्या. आठ खाचा, आठ कुसू, एकही खिळा नाही. देव्हारा उभा राहिला त्या दिवशी भावजयीनं पुरणपोळ्या केल्या.

परतायच्या आदल्या रात्री मी बॅग भरत होते. आप्पांनी जुनी यादी मागून घेतली. चष्मा लावला, ती चपटी पेन्सिल काढली. प्रत्येक ओळीवर बोट ठेवत एकेक अवजार गुंडाळीत घातलं. नव्या किंकऱ्याच्या धारेवर भावाच्या बागेतल्या पाण्याच्या पाइपचा तुकडा उभा चिरून चढवला, वरून फडकं, फडक्यावर सुतळीचे दोन वेढे. मग खोडलेल्या दोन ओळींच्या खाली, त्यांना न धक्का लावता, लिहिलं:

किंकरं, अर्धा इंची, मेलबर्नचं – १